लंडनला एक न्याय, मँचेस्टरला दुसरा: ब्रिटिश शहरांतल्या बससेवेची पार्श्वभूमी

५ जानेवारी २०२५ रोजी ग्रेटर मँचेस्टरमधल्या बससेवेचा उरलेला शेवटचा भागही तिथल्या प्रादेशिक प्राधिकरणाच्या ताब्यात आला. गाड्या पिवळ्या झाल्या. त्यांच्यावर कामकरी मधमाशी आली, जी या कापडगिरण्यांच्या शहराचं जुनं चिन्ह आहे. कुठली बस कुठून आणि किती वाजता सुटणार, तिकीट किती असणार, हे लोकांनी निवडून दिलेल्या महापौराच्या यंत्रणेत ठरू लागलं. यात बातमी ती काय, असं मुंबई-पुण्यातला वाचक विचारेल. बेस्ट किंवा पीएमपीचे मार्ग सार्वजनिक यंत्रणेनेच ठरवायचे, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. ब्रिटनमध्ये लंडन सोडून बाकीच्या शहरांनी मात्र हा अधिकार १९८६ मध्ये गमावला होता. तो परत मिळवण्यात जवळपास चार दशकं गेली.

त्याआधीची व्यवस्था १९३० च्या रोड ट्रॅफिक कायद्यावर उभी होती. परवान्याशिवाय मार्गावर बस घालायची नाही, आणि परवाना द्यायचा की नाही ते ट्रॅफिक कमिशनर ठरवणार. पुढे १९६८ मध्ये वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांनी मोठ्या नागरी प्रदेशांसाठी स्वतंत्र वाहतूक प्राधिकरणं आणली. मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम आणि न्यूकॅसल या शहरांच्या परिसरात बस, रेल्वे आणि पुढे मेट्रो यांचं एकत्र नियोजन व्हावं, हा त्यामागचा हेतू. न्यूकॅसलमध्ये तो प्रत्यक्षात उतरलाही. तिथली टाइन अँड वेअर मेट्रो १९८० मध्ये सुरू झाली, तेव्हा बसचे मार्ग मुद्दाम तोडून मेट्रोच्या स्थानकांना जोडले गेले. बसने स्थानकावर यायचं आणि त्याच तिकिटावर पुढे मेट्रोने जायचं.

शेफील्डने वेगळा रस्ता धरला. शेफील्ड ज्यात येतं त्या साउथ यॉर्कशायर काउंटी कौन्सिलने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बसचं भाडं गोठवून ठेवलं. महागाई भडकत होती आणि तिकीट मात्र जागच्या जागी. मुलांना दोन पेन्स, मोठ्यांना जवळच्या प्रवासाला पाच. तूट स्थानिक करातून भरली जायची. देशभर बसचे प्रवासी मोटारींकडे वळत असताना शेफील्डच्या बस भरलेल्या राहिल्या. हा प्रयोग उधळपट्टी होता की दूरदृष्टी, यावर तिथे अजून वाद होतो. माझं मत दूरदृष्टीच्या बाजूला झुकतं, पण तो करदात्यांच्या पैशांवर चालला होता हे कुणी लपवलेलं नव्हतं.

लंडननेही हेच करून पाहिलं. १९८१ मध्ये केन लिव्हिंगस्टन यांच्या ग्रेटर लंडन कौन्सिलने भाडं सुमारे एक तृतीयांश कमी केलं. लंडनच्या कडेला असलेल्या ब्रॉम्ली या उपनगराच्या कौन्सिलने त्याला कोर्टात आव्हान दिलं. आमच्याकडे भुयारी रेल्वेच नाही, मग तिच्या स्वस्त तिकिटासाठी आम्ही कर का भरायचा, अशी त्यांची तक्रार. हाउस ऑफ लॉर्ड्सच्या न्यायपीठाने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, त्याच वर्षी डिसेंबरात भाडेकपात बेकायदा ठरवली आणि १९८२ मध्ये लंडनचं भाडं एका फटक्यात दुप्पट झालं.

मार्गारेट थॅचर यांच्या सरकारला या कौन्सिलांचा तिटकारा होता. सव्विशी ओलांडल्यावरही बसने फिरणारा माणूस आयुष्यात अपयशी समजावा, अशा अर्थाचं एक वाक्य थॅचरबाईंच्या नावावर सर्रास खपवलं जातं. त्या तसं म्हणाल्याचा पुरावा कुणी दिलेला नाही. त्याची गरजही नाही. त्यांच्या सरकारने काय केलं ते पुरेसं बोलकं आहे. ३१ मार्च १९८६ रोजी ग्रेटर लंडन कौन्सिल आणि सहा महानगरी काउंटी कौन्सिलं एकाच दिवशी बरखास्त झाली. त्याच वसंतात शेफील्डचं भाडं काही पटींनी वाढलं. आणि २६ ऑक्टोबर १९८६ पासून, वाहतूकमंत्री निकोलस रिडली यांनी रेटून नेलेल्या १९८५ च्या कायद्यानुसार, लंडनबाहेरच्या ग्रेट ब्रिटनमध्ये बसचा धंदा खुला झाला. नोंदणी करा, ठरावीक दिवसांची सूचना द्या आणि हवी तिथे बस सोडा. भाडं तुमचं, वेळापत्रक तुमचं. ज्या मार्गांवर कुठलीच कंपनी जाणार नाही, तेवढ्यांसाठी स्थानिक संस्थांनी निविदा काढून अनुदान द्यायचं. सरकारी नॅशनल बस कंपनीही तुकडे करून विकली गेली.

स्पर्धा आली की भाडं उतरेल आणि प्रवासी वाढतील, हे गणित कागदावर चुकलेलं नव्हतं. रस्त्यावर वेगळंच झालं. कंपन्या भिडल्या त्या गर्दीच्या मार्गांवर. मँचेस्टरच्या विद्यापीठांवरून दक्षिणेकडे जाणाऱ्या विल्म्सलो रोडवर एकामागोमाग एक बस धावायच्या, काही जेमतेम भरलेल्या, तर डोंगराच्या कुशीतल्या वस्त्यांना संध्याकाळनंतर बसच नाही. एका कंपनीचा पास दुसरीच्या गाडीत चालेना. न्यूकॅसलमध्ये मेट्रोला जोडलेल्या बस पुन्हा मेट्रोला समांतर थेट शहरात धावू लागल्या.

या काळाचा सगळ्यात गाजलेला किस्सा डार्लिंग्टनचा. १९९४ मध्ये तिथली नगरपालिकेची बस कंपनी विक्रीला निघाली. स्टेजकोच या बड्या खासगी बस कंपनीला ती विकत घेता आली नाही. मग तिच्या उपकंपनीने पालिकेच्या कंपनीचे ड्रायव्हर पैसे देऊन आपल्याकडे ओढले आणि त्याच मार्गांवर फुकट बस सोडल्या. ठरलेला खरेदीदार मागे हटला, पालिकेची कंपनी बुडाली. मक्तेदारी आयोगाने या वर्तनाची अत्यंत कडक शब्दांत निर्भर्त्सना केली, पण तोवर डार्लिंग्टनमध्ये निर्भर्त्सना करून वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं. असंच होत होत देशातला बहुतेक धंदा पाच मोठ्या समूहांच्या हातात गोळा झाला. स्पर्धेसाठी केलेल्या कायद्याने गावोगावी एकेका कंपनीची सद्दी आणली.

लंडनला या सगळ्यातून वगळण्यात आलं होतं. राजधानीतही पुढे हेच करायचं असं ठरलेलं होतं, ते पुढे ढकलत ढकलत १९९३ मध्ये बासनात गेलं. तिथे १९८५ पासून वेगळी पद्धत रुजली: बस खासगी कंपनीची, ड्रायव्हर तिचा, पण मार्ग, वेळापत्रक, भाडं आणि गाडीचा लाल रंग सार्वजनिक संस्थेने ठरवायचा, आणि तिकिटाचे पैसेही तिच्याच तिजोरीत जायचे. म्हणजे खासगीकरण लंडनमध्येही झालं. गेला नाही तो ठरवण्याचा अधिकार. पुढच्या तीनेक दशकांत लंडनचे बसप्रवासी दुपटीच्या आसपास गेले, तर बाकीच्या इंग्लिश महानगरी प्रदेशांतले जवळपास निम्मे झाले. सगळं खापर १९८६ वर फोडता येत नाही. मोटारी वाढत होत्या आणि घसरण आधीपासून सुरू होती. लंडनची लोकसंख्या वाढली, हेही आहे. तरी एवढी तफावत नुसत्या लोकसंख्येने भरून निघत नाही.

बेस्टने अलीकडच्या वर्षांत घेतलेल्या ‘वेट लीज’ गाड्यांची रचना याच घराण्यातली आहे: गाडी आणि चालक कंत्राटदाराचे, मार्ग आणि तिकीट बेस्टचं, मोबदला किलोमीटरवर. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी संप केला तेव्हा या रचनेची दुखरी जागा मुंबईकरांनी बसथांब्यावर उभं राहून पाहिली.

अधिकाराइतकाच प्रश्न पैशाचा. १७ फेब्रुवारी २००३ पासून मध्य लंडनमध्ये मोटार नेण्यासाठी दिवसाला पाच पौंड मोजावे लागू लागले आणि त्या उत्पन्नातला मोठा वाटा बससेवेकडे वळला. बाकीच्या शहरांना हे जमलं नाही. एडिनबरात २००५ मध्ये सार्वमत झालं, तीन चतुर्थांशांच्या आसपास लोकांनी नकार दिला. मँचेस्टरमध्ये डिसेंबर २००८ ला जवळपास ७९ टक्के. तिथे तर या करासोबत ट्राम आणि बससाठी सुमारे तीन अब्ज पौंडांचं पॅकेज होतं, तरी दहाच्या दहा विभागांत लोकांनी ते नाकारलं. आधी रोज खिशातून द्या, बस नंतर सुधारेल, हे आश्वासन वीस वर्षं बसची वाट बघणाऱ्यांना पटलं नाही, यात नवल नाही. नॉटिंगहॅमने २०१२ मध्ये आडवाट काढली. मोटारवाल्यांऐवजी कार्यालयांतल्या पार्किंगच्या जागांवर मालकांकडून कर घेतला आणि तो पैसा ट्राममध्ये घातला.

अधिकार परत घेण्याचा पहिला गंभीर प्रयत्न टाइन अँड वेअरने केला. २००० आणि २००८ च्या कायद्यांत त्याची सोय होती, पण अटी इतक्या की २०१५ मध्ये तपासणी मंडळाने प्रस्ताव फेटाळला. २०१७ च्या बस सर्व्हिसेस कायद्याने महापौर असलेल्या प्रदेशांना वाट मोकळी करून दिली. त्याच कायद्याने नव्या पालिका-मालकीच्या बस कंपन्या काढायला मात्र बंदी घातली. मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नहॅम यांनी मार्च २०२१ मध्ये निर्णय घेतला, स्टेजकोच आणि रोटाला कंपन्या कोर्टात गेल्या, २०२२ मध्ये हरल्या. सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन आणि विगनपासून पिवळ्या बस सुरू झाल्या. लिव्हरपूल, वेस्ट यॉर्कशायर आणि साउथ यॉर्कशायर त्याच मार्गावर आहेत, आणि २०२५ च्या कायद्याने पालिका-कंपन्यांवरची बंदीही उठवली.

पण फ्रँचायझिंगमध्ये, म्हणजे लंडनसारख्या या कंत्राटी पद्धतीत, प्रवासी घटले तर तोटा कंपनीचा नसतो, प्राधिकरणाचा असतो. लंडनकडे तो सोसायला रस्त्यावरच्या मोटारींचा पैसा आहे. मँचेस्टरकडे स्थानिक कर आहे, केंद्र सरकारचं अनुदान आहे, आणि २००८ च्या त्या मतदानानंतर मोटारींवर शुल्काचा विषय काढायची तिथल्या कुठल्याच पक्षाची तयारी नाही.