आग्वा दे हामाइका

आग्वा दे हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या वाळवलेल्या बोंडांचं मेक्सिकन सरबत, रंगाने लालभडक, चवीला आंबटगोड आणि कायम थंडच प्यायचं. बोंड म्हणजे पाकळी नव्हे हं, फूल गळून गेलं की खालची जी लाल मांसल वाटी बियांच्या भोवती फुगत जाते ती. सगळीकडे नुसतं 'हिबिस्कस' लिहिलेलं असतं म्हणून लोक अंगणातली जास्वंद तोडून उकळत बसतात, पण जास्वंद याच कुळातली असली तरी झाड वेगळं आणि तिला हा आंबटपणाच नाही, तेव्हा ते सरबत जमणार नाही.

झाड मूळचं आफ्रिकेतलं, वसाहतीच्या काळात अमेरिकेकडे गेलं. मेक्सिकोत सगळ्यात जास्त लागवड गेरेरो राज्यात होते, खालोखाल वाहाकाकडे वगैरे. पावसाळ्यात पेरतात आणि साधारण नोव्हेंबरपासून काढणी सुरू होते, मग एकेका बोंडातून बियांची कुपी हाताने काढून टाकायची आणि साल उन्हात वाळवायची, हे फार किचकट काम आहे आणि भाव त्यामानाने काहीच नाही. बाजारात सुदान, नायजेरियाहून आलेला स्वस्त मालही असतो.

मेक्सिकोत फळं, धान्य, फुलं पाण्यात घालून केलेल्या सरबतांना 'आग्वास फ्रेस्कास' म्हणतात, त्यातली तीन ठिकठिकाणी मिळणारच: तांदळाची ओर्चाता, चिंचेची तामारिंदो आणि ही. ठेल्यांवर मोठाल्या काचेच्या बरण्यांत, म्हणजे त्यांच्या 'वित्रोलेरो'त, बर्फ घालून भरून ठेवतात आणि डावाने ग्लासात ओततात, बरोबर न्यायचं असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत स्ट्रॉ घालून तोंड बांधून देतात. साध्या खानावळीत दुपारच्या जेवणाबरोबर त्या दिवशीचं 'आग्वा' आलंच.

घरी करायला सोपं आहे, फक्त क्रम पाळायचा. दोन लिटरला कपभर सुकी बोंडं, साधारण 40 ते 50 ग्रॅम. घेताना हाताने दाबून बघा, गडद लाल आणि जराशी लवचिक असतील तर चांगली, तपकिरी पडून कुरकुरीत भुगा होत असेल तर जुना माल. उन्हात जमिनीवर वाळवलेली असतात त्यामुळे माती-वाळू असतेच, चाळणीत घालून पटकन एकदा धुवायची, भिजत ठेवून धुवायची नाहीत नाहीतर अर्धा रंग सिंकमध्ये जातो. मग लिटरभर पाणी उकळून त्यात बोंडं टाकायची, पाचेक मिनिटं उकळू द्यायचं, गॅस बंद, झाकण, आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. जास्त वेळ खळखळ उकळलं की तुरट होतं आणि जॅमसारखा शिजका वास येतो, हीच चूक सगळ्यात जास्त होते. फडक्यातून गाळा, अर्कात गरम असतानाच 100 ते 150 ग्रॅम साखर विरघळवा, उरलेलं लिटरभर पाणी थंड घाला आणि फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ प्यायच्या वेळी, आधी घातला तर फिकं होतं, म्हणून बरेच जण अर्क मुद्दाम जरा कडकच ठेवतात. आवडीप्रमाणे दालचिनीचा तुकडा, आलं किंवा लिंबू चालतं, पण नुसतं साखरपाणी हेच मूळ रूप आणि माझ्या मते तेच बेस्ट.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या, ॲल्युमिनियमचं नको, कारण यात सायट्रिक, मॅलिक असली आम्लं भरपूर असतात. लाल रंग अँथोसायनिनचा, तो आम्लात टिकतो, चिमूटभर खायचा सोडा पडला तर बघता बघता जांभळट-निळा होतो. लाकडी चमचा आणि पांढरे कपडे मात्र जपा.

उकळायचा कंटाळा असेल तर तीच बोंडं थंड पाण्यात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी गाळायचं. यात तुरटपणा कमी येतो पण अर्क थोडा पातळ पडतो. कशाही पद्धतीने केलं तरी चारेक दिवसांत संपवलेलं बरं.

गाळून राहिलेली बोंडं फेकायची नाहीत. मेक्सिकोत ती कांदा, लसूण आणि चिपोत्ले मिरचीत परतून टाकोत किंवा केसादियात भरतात, चावायला मांसासारखी लागतात म्हणून शाकाहारी लोकांत हे फार चालतं.

जगभर याची भावंडं आहेत, सेनेगलात बिसाप, इजिप्त-सुदानमध्ये करकदे, आणि जमैकात तर नाताळात आलं आणि रम घालून पितात. रक्तदाबावर याचा थोडाफार परिणाम दिसतो असं अभ्यासांत आलंय, त्यामुळे बीपीची गोळी चालू असलेल्यांनी रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्याकडे विदर्भात अंबाडीच्या बोंडांचं सरबत, चटणी करतातच, त्यामुळे तिकडच्या कुणाकडून वाळलेली बोंडं मिळाली तर हीच कृती जशीच्या तशी चालेल. ताजी असतील तर बिया काढून घ्यायच्या आणि वजनाने बरीच जास्त लागतात, कारण वाळल्यावर त्यांचं काहीच उरत नाही.