विपुल प्रथिनांचे निष्कासन

रक्तद्रव म्हणजे प्लाझ्मा किंवा रक्तरस म्हणजे सीरम यांच्या नमुन्यातून, वस्तुमान वर्णपटमापनापूर्वी (मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून त्यांची ओळख पटवण्याच्या पद्धतीपूर्वी), मोठ्या प्रमाणात असलेली मोजकी प्रथिने बाजूला काढण्याची पूर्वप्रक्रिया. प्रयोगशाळेत तिला सर्रास ‘डिप्लीशन’ म्हणतात.

प्लाझ्माच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण ६० ते ८० मिग्रॅ. प्रथिने असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या अल्ब्युमिनचा असतो. सर्वांत विपुल अशी सुमारे २२ प्रथिने मिळून ९९ टक्के वजन व्यापतात. निरोगी माणसात इंटरल्यूकिन-६ हे दाहाशी निगडित संदेशवाहक प्रथिन मात्र मिलिलिटरमागे काही पिकोग्रॅमच भरते. ही तफावत दहाच्या दहाव्या घाताइतकी आहे, तर वर्णपटमापकाला एका धावेत चार-पाच घातांपलीकडे सहसा झेपत नाही. अल्ब्युमिनच्या पेप्टाइडांनी, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्यांनी, पडदा भरून टाकला की विरळ प्रथिने त्यामागे दडतात.

अल्ब्युमिन वेगळे करण्याची कला प्रोटिओमिक्सपेक्षा, म्हणजे प्रथिनांच्या एकत्रित अभ्यासापेक्षा, बरीच जुनी आहे. १९४० च्या दशकात एडविन कोन यांनी थंड एथेनॉलने प्लाझ्माचे टप्प्याटप्प्याने विभाजन केले. पण तेथे अल्ब्युमिन हाच हवा असलेला माल होता. ते टाकून देण्याच्या पद्धतीचा उगम बहुधा सिबाक्रॉन ब्लू एफ३जी-ए या कापड रंगवण्याच्या रंगात शोधावा लागतो. हा रंग डेक्स्ट्रानला जोडून केलेले ‘ब्लू डेक्स्ट्रान’ जेल गाळणीत (रेणू आकारानुसार वेगळे करण्याच्या पद्धतीत) केवळ खूण म्हणून वापरत. यीस्टमधील पायरुव्हेट कायनेजसारखी विकरे या खुणेला चिकटूनच बाहेर पडतात, हे १९६० च्या दशकात लक्षात आले. १९७३ मध्ये ट्रॅव्हिस व पॅनेल यांनी अशाच निळ्या अ‍ॅगरोजवर (शैवालातील शर्करेच्या मण्यांवर) प्लाझ्मातील अल्ब्युमिन निवडून धरता येते असे दाखवले. हा रंग प्रथिनाला नेमका कशामुळे धरतो, यावर मतभेद झाले. १९७५ च्या सुमारास एका गटाने, रंगाचा रेणू न्यूक्लिओटाइडसारखा भासतो व त्यामुळे विशिष्ट घडी असलेल्या विकरांनाच बिलगतो, असे मांडले. अल्ब्युमिनमध्ये तशी घडी नाही. तेथे बिलिरुबिन व मेदाम्ले यांच्या जागांवर रंग बसतो, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. प्रश्न निव्वळ इतिहासाचा नाही. जो रंग इतक्या प्रकारे चिकटतो तो अल्ब्युमिनपुरता थांबत नाही, आणि निळ्या स्तंभावर (अशा मण्यांनी भरलेल्या नळीत) नको ती प्रथिने अडकतात याचे कारण येथेच आहे.

इम्युनोग्लोब्युलिन-जी (आयजीजी) ही प्रतिपिंडे काढण्यासाठी प्रथिन-ए किंवा प्रथिन-जी ही त्यांना धरणारी जिवाणूजन्य प्रथिने वापरतात. मानवी आयजीजी-३ हा उपवर्ग प्रथिन-ए जवळजवळ धरत नाही, म्हणून मानवी नमुन्यांसाठी प्रथिन-जी बरे. पुढे, एकेका विपुल प्रथिनाला धरणारी वेगवेगळी प्रतिपिंडे एकत्र बसवलेले मिश्र स्तंभ रूढ झाले. सहा लक्ष्यांचा स्तंभ अल्ब्युमिन, आयजीजी, आयजीए, ट्रान्सफेरिन, हॅप्टोग्लोबिन व अल्फा-१ अँटिट्रिप्सिन काढतो. चौदा लक्ष्यांचा त्यात फायब्रिनोजेन, अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन, आयजीएम, सी-३ इत्यादींची भर घालून सुमारे ९४ टक्के प्रथिन उतरवतो. कोंबडीच्या अंड्यातील आयजीवाय प्रतिपिंडांचे स्तंभही आहेत.

४.६ × १०० मिमी. आकाराच्या चौदा-लक्ष्यी स्तंभावर एका वेळी ४० मायक्रोलिटर प्लाझ्मा चालतो. तो भारण द्रावणाने (नमुना स्तंभावर सोडताना वापरायच्या द्रावणाने) चौपट विरल करून ०.२२ मायक्रॉनच्या फिरक्या गाळणीतून काढतात. हे टाळले की थंडीत साकळलेले प्रथिन व मेद स्तंभाच्या तोंडाशी अडकून दाब चढतो. मिनिटाला ०.१२५ मिलि. अशा संथ गतीने नमुना सोडून न चिकटलेला अंश बर्फावर गोळा करतात, मग आम्लधर्मी द्रावणाने चिकटलेली प्रथिने उतरवून लगेच स्तंभ पूर्ववत समतोलात आणतात. आम्लात स्तंभ रेंगाळला की प्रतिपिंडे मरतात. स्तंभापूर्वी नमुन्यात डीटीटी (डायथायोथ्रेइटॉल) सारखे क्षपणक मिसळणे ही नवशिक्यांची ठरलेली चूक. त्याने प्रतिपिंडांचे डायसल्फाइड बंध तुटतात. साठवण ४ अंश से. ला, सोडियम अझाइड घालून. गोठवायचे कधीही नाही.

हिशेब आधीच करावा. ४० मायक्रोलिटरमध्ये सुमारे २.८ मिग्रॅ. प्रथिन असते, त्यातले स्तंभानंतर उरणारे ६ टक्के म्हणजे जेमतेम १७० मायक्रोग्रॅम. ते मिलिलिटरभर द्रावणात पसरलेले असल्याने ५ किलोडाल्टनच्या (त्याहून मोठे रेणू अडवणाऱ्या) गाळणीवर आटवावे लागते, आणि पापुद्र्याला चिकटून त्यातलेही काही जाते.

स्तंभ दमला की न चिकटलेल्या अंशाचे शिखर हळूहळू वाढते व अल्ब्युमिन परत डोकावू लागते. म्हणून ठरावीक धावांनंतर एकच संदर्भ-प्लाझ्मा सोडून पाहतात. रुग्णांचे व निरोगी व्यक्तींचे नमुने क्रमात मिसळून लावतात. एक गट सुरुवातीला व दुसरा शेवटी लावल्यास स्तंभाचा थकवाच रोगाची खूण म्हणून छापून यायचा. रक्तपेशी फुटलेल्या नमुन्यात हिमोग्लोबिन व कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज नव्याने विपुल ठरतात. स्तंभाच्या यादीत ती नसतात.

खरी अडचण अल्ब्युमिनच्या वाहकपणाची आहे. संप्रेरके, मेदाम्ले, लहान पेप्टाइडे व काही प्रथिने त्याच्या अंगावर फिरतात व त्याच्याबरोबरच निघून जातात. त्यामुळे चिकटलेला अंश फेकून न देता उणे ८० अंशाला ठेवणे शहाणपणाचे. लाभाबाबतही मतभेद आहेत. २०१० मधील एका तुलनेत निष्कासनाने ओळखलेल्या प्रथिनांची संख्या सुमारे चतुर्थांशाने वाढली, पण मिलिलिटरमागे १० नॅनोग्रॅमहून कमी असलेली प्रथिने एकूण ओळखींच्या ५-६ टक्केच भरली. निष्कासनानंतर पेप्टाइडांचे विभाजन केले तरच श्रम सार्थकी लागतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

स्तंभाऐवजी पर्क्लोरिक आम्लाने साका (अवक्षेप) करणे स्वस्त पडते. अल्ब्युमिन तळाशी बसते, ओरोसोम्युकॉइडसारखी ग्लायकोप्रथिने द्रावणात राहतात. हेक्सापेप्टाइड (सहा अमिनो आम्लांच्या साखळ्या) जोडलेल्या मण्यांची पद्धत प्रथिने काढून न टाकता त्यांचे प्रमाण सपाट करते, पण तिला नमुना अधिक लागतो आणि मूळ संहतीचे मापन अवघड होते. उंदरासाठी तीन-लक्ष्यी स्तंभ मिळतो. मानवी स्तंभावर उंदराचा नमुना अर्धवटच साफ होतो.