खिओसची गावं समुद्राकडे पाठ करून का उभी आहेत?

ग्रीसच्या खिओस बेटावर लोक माव्रा व्होलियाच्या काळ्या गोट्यांच्या किनाऱ्यासाठी जातात आणि जमलं तर पिर्गी, मेस्ता ही गावं पाहून येतात. ही गावं किनाऱ्यापासून आत, समुद्रावरून दिसू नयेत अशा बेतानं वसवलेली आहेत. त्यामागे एका झुडपाचा चीक आहे. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारी रुमी मस्तकी ती हीच.

मस्तकीचं झुडूप भूमध्य समुद्राकाठी पुष्कळ ठिकाणी वाढतं, पण विकण्याजोगा चीक मिळतो तो मुख्यतः खिओसच्या दक्षिण भागात. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून सपाट करतात, तिच्यावर पांढरी माती पसरतात आणि सालीला बारीक चिरा देतात. ठिबकलेले थेंब त्या मातीवर सुकून कडक झाले की वेचायचे.

१३४६ मध्ये इटलीतल्या जिनोआच्या व्यापाऱ्यांनी बेट घेतलं आणि मस्तकीचा व्यापार मुठीत ठेवला. माल मोलाचा, समुद्रात चाचे. म्हणून गावंच किल्ल्यासारखी बांधली गेली. मेस्तात कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींना जोडून तटबंदी झाली. गल्ल्या अरुंद, वर कमानी. छपरं एका पातळीत, म्हणजे हल्ला झालाच तर छपरांवरूनच मधल्या बुरुजाकडे पळता यावं. मेस्ताचा बुरूज आता नाही, तिथे चर्च आहे. पिर्गीतला पडका बुरूज मात्र अजून दिसतो. पिर्गीच्या भिंतींवरची नक्षी वेगळीच: काळसर गिलाव्यावर चुन्याचा पांढरा थर देतात आणि तो खरवडून भूमितीय आकृत्या काढतात.

१५६६ मध्ये बेट ऑटोमन तुर्कांच्या सत्तेखाली गेलं. मस्तकीवरचा कर सुलतानाला हवाच होता, त्यामुळे या गावांना काही सवलती मिळाल्या. १८२२ मध्ये या सत्तेविरुद्ध झालेल्या बंडानंतर बेटावर भीषण कत्तल झाली. हजारो मारले गेले, हजारो गुलाम म्हणून विकले गेले. फ्रेंच चित्रकार देलाक्र्वाचं त्यावरचं १८२४ चं चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. मस्तकीची गावं त्यातून बरीचशी बचावली, तीही या चिकामुळेच. खिओसला जाणाऱ्यानं हे ठाऊक करून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. त्याशिवाय मेस्ताच्या गल्ल्या म्हणजे नुसती फोटोची जागा.

१९१२ मध्ये बेट ग्रीसकडे आलं, १९३८ मध्ये उत्पादकांचा सहकारी संघ झाला. २०१२ च्या वणव्यात मस्तकीची पुष्कळ झाडं जळाली. दोनच वर्षांनी युनेस्कोनं मस्तकीच्या लागवडीची परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. चीक वेचण्याचं काम ऑगस्ट-सप्टेंबरात चालतं आणि पोहण्यासाठीही हाच काळ उत्तम.