खाडीवर गळ टाकताना डोक्यावर ड्रोन आला तर: तक्रार-अर्ज कसा करायचा, कागद कोणते लागतात

ओहोटी संपून पाणी फिरायला लागते ती वेळ जिताडा मासा लागण्याची. नवी मुंबईत ऐरोलीपासून दिवाळे गावापर्यंत खाडीकाठी गळ टाकणारा माणूस त्या अर्ध्या-पाऊण तासासाठी पहाटे उठतो. गेल्या हिवाळ्यात नेमक्या त्याच वेळी आमच्या डोक्यावर ड्रोन येऊन थांबला. फार तर दोन माणसे उंच. आमच्यासोबत नेहमी येणाऱ्या एक ताई चिखलातून आल्यामुळे पदर-साडी खोचून उभ्या होत्या. त्यांनी दोरी गुंडाळली, पिशवी उचलली आणि निघून गेल्या. पुढचे काही रविवार त्या आल्याच नाहीत. मासा काय, आज गेला तर उद्या लागेल. पण लहानपणापासून ज्या काठावर वावरलो तिथे एका बाईला उभे राहायची चोरी व्हावी, हे मला सहन झाले नाही.

मी अर्ज लिहिला. विषय टाकला, ‘खासगीपणाचा भंग’. पोलीस ठाण्यात उत्तर मिळाले, खाडी सार्वजनिक जागा आहे, तिथे कसला खासगीपणा? अर्ज परत हातात. त्यानंतर नियम वाचायला बसलो तेव्हा चूक कळली. दुखणे खासगीपणाचे असले तरी अर्ज उड्डाणाचा लिहावा लागतो.

त्याचे कारण असे. ड्रोन नियम, २०२१ मध्ये नोंदणी, वजन, उंची, क्षेत्र या सगळ्याबद्दल स्पष्ट तरतुदी आहेत, खासगीपणासाठी मात्र वेगळी तरतूद नाही. म्हणून पोलिसांना कारवाईला धरायला काहीतरी ठोस द्यावे लागते. ते चार ठिकाणी सापडते.

पहिले, नोंदणी. खेळण्याएवढा, २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोनसुद्धा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे नोंदवून त्याचा विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. त्याचे शुल्क अवघे १०० रुपये आहे. नॅनो ड्रोनला, आणि दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन हौसेसाठी उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र, म्हणजे ड्रोन उडवणाऱ्याचा परवाना, लागत नाही. यावरून ‘छोट्या ड्रोनला काहीच लागत नाही’ असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. प्रमाणपत्र वेगळे, नोंदणी वेगळी.

दुसरे, क्षेत्र. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात आकाशाची हिरवी, पिवळी, लाल अशी क्षेत्रे केली आहेत. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फुटांपर्यंत. त्याहून जवळ पिवळे किंवा लाल क्षेत्र लागते. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाणच नाही. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. तेव्हा बेलापूर, उलवे, पनवेल भागातल्या मंडळींनी तर डिजिटल स्कायचा नकाशा आधी उघडावा. आपण उभे होतो ती जागा नकाशावर शोधून तिच्या रंगाचा स्क्रीनशॉट घ्यायचा. अर्जाला जोडायच्या कागदांत सर्वात वजनदार कागद हाच.

तिसरे, मनाई आदेश. पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोन, पॅराग्लायडर वगैरेंवर ठरावीक काळासाठी बंदी घालू शकतात. असा आदेश एका वेळी जास्तीत जास्त दोन महिने चालतो. घटनेच्या दिवशी तो लागू असेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ लागते आणि तुमचा अर्ज एकदम सोपा होतो. ठाण्यात गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा.

चौथे, अभयारण्य. ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा खाडीचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात येतो. ते २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. रोहित (फ्लेमिंगो) बसलेले असताना वरून ड्रोन गेला की अख्खा थवा उठतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि कांदळवन कक्षाला अर्जाची प्रत द्या. मात्र आपण स्वतः कुठे उभे आहोत तेही तपासा. कांदळवनात घुसून, फांद्या मोडून जागा केली असेल तर तक्रार आपल्यावरच उलटेल, आणि ते योग्यच होईल.

या चारांपैकी एकही लागू नसेल तर? नोंदणी झालेला ड्रोन, हिरवे क्षेत्र, मनाई नाही. तेव्हा नुसते खाली उडणे हा गुन्हा ठरवणे अवघड आहे. पण माणसांच्या डोक्याजवळ पाती फिरवून जीव धोक्यात घातला असेल तर न्याय संहितेचे कलम १२५ आहे. आडोशाला कपडे बदलणाऱ्या किंवा आडोशाला गेलेल्या बाईचे चित्रीकरण झाले असेल तर कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई पाहावे. तिथे पोलिसांनी सरळ एफआयआर घ्यायला हवा.

अर्ज कोण करू शकतो? कोणीही. ठाण्या-नवी मुंबईचा रहिवासी असण्याची अट नाही, ड्रोनवाल्याचे नाव माहीत असण्याचीही नाही. अज्ञात व्यक्तीविरुद्ध तक्रार चालते. ताईंसारखे कोणी पुढे यायला कचरत असतील तर सोबत असलेल्याने प्रत्यक्षदर्शी म्हणून अर्ज द्यावा.

कागद फार नाहीत. साध्या कागदावर दोन प्रतींत अर्ज, आधार किंवा मतदार ओळखपत्राची प्रत, नकाशाचा स्क्रीनशॉट, फोटो-व्हिडिओ आणि दोन साक्षीदारांची नावे व सह्या. व्हिडिओ काढताना नुसता आकाशातला ठिपका टिपू नका. आधी ड्रोन, मग तसाच कॅमेरा फिरवत जेट्टी, पूल, वीजवाहिनीचा मनोरा अशी ओळखीची खूण घ्या, म्हणजे जागा आणि उंची दोन्हींचा अंदाज येतो. ड्रोन परत कुठल्या दिशेला उतरला ते जरूर टिपा, उडवणारा माणूस तिथेच सापडतो. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत दबून येते. प्रकरण कोर्टात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते, तेव्हा मूळ फाइलच उपयोगी पडते.

अर्जाचा विषय असा लिहा: ‘खाडीकाठी विनापरवाना व धोकादायक रीतीने ड्रोन उडवल्याबाबत’. मजकुरात तारीख, वेळ, जागा, अंदाजे उंची, किती मिनिटे, काठावर किती माणसे, त्यात महिला आणि मुले होती का. मग मागणी: ‘सदर ड्रोनचा ओळख क्रमांक, नोंदणी व उड्डाणाची परवानगी तपासावी, केलेले चित्रीकरण ताब्यात घ्यावे व नियमानुसार कारवाई करावी.’ खासगीपणाचा मुद्दा शेवटच्या परिच्छेदात, पण ठामपणे मांडा. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक जागी आहे एवढ्यानेच त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्याच निकालात आहे. ‘खाडी सार्वजनिक आहे’ याला हे उत्तर.

ड्रोन अजून डोक्यावर असेल तर ११२. नंतर जायचे असेल तर जवळचे ठाणे. खाडीत हद्दीचा घोळ नेहमीचा, अर्धे पाणी एकाचे, अर्धे दुसऱ्याचे. दखलपात्र गुन्हा असेल तर हद्द न पाहता शून्य क्रमांकाने एफआयआर घेणे सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे आणि त्याची प्रत फुकट मिळते. अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होईल, तिचा क्रमांक घ्या. आणि काहीही झाले तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका. माझ्याकडे पहिल्या वेळी पोच नव्हती, त्यामुळे मी तिथे गेलो होतो हेसुद्धा सिद्ध करता आले नाही.

ठाण्याने एफआयआर नाकारला तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस उपायुक्तांकडे पाठवा. नुसतेच काही कळत नसेल तर माहिती अधिकार: नमुना ‘अ’, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दोन प्रश्न. त्या तारखेला ड्रोनबंदीचा आदेश होता का, त्याची प्रत द्या. माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली? उत्तराची मुदत ३० दिवस.

रागाच्या भरात गळाचे शिसे भिरकावून ड्रोन पाडायचा मोह होतो, मलाही झाला होता. तसे करू नका. नुकसानीचा गुन्हा आपल्यावर येतो, आणि वरून पडणारी पाती शेजारच्याच्या डोक्यात जातात. सिग्नल अडवणारे जॅमर तर बाळगणेही बेकायदा आहे.

आपल्यातलेच काही जण हल्ली आमिष लांब टाकायला ड्रोन आणतात. त्यांनाही नोंदणी, क्षेत्र, मनाई आदेश हे सगळे तसेच लागू आहे. नियम मोडला तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. काठावर कोणी बसले असेल तर आधी जाऊन विचारा, ‘काका, उडवू का?’ नाही म्हणाले तर ड्रोन पिशवीतच ठेवा.