आतषबाजीचे फोटो : काळ्या पुठ्ठ्यापासून नाईट मोडपर्यंत

शोभेच्या दारूला लाल-हिरवे झगझगीत रंग आले ते 1830 च्या सुमारास, पोटॅशियम क्लोरेट वापरात आल्यावर, त्याआधी सगळं सोनेरी-पांढरंच. आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मात्र वेगवेगळे फटाके एकाच फोटोत जोडावेत की नाही, या आजच्या वादाचं मूळ आहे फिल्मच्या रोलच्या जमान्यात.

36 फोटोंचा रोल, धुऊन येईपर्यंत काय आलंय ते कळायचं नाही. म्हणून स्टँडवर कॅमेरा, 100 चा, म्हणजे कमी संवेदनशील रोल, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) 8 नाहीतर 11, फोकस इन्फिनिटीला, म्हणजे अगदी लांबवर, शटर बी वर, म्हणजे हवं तितका वेळ उघडं आणि लेन्सपुढं काळा पुठ्ठा. औट (आभाळात फुटणारा फटाका) वर गेला की पुठ्ठा बाजूला, विझला की परत पुढं, असे तीन-चार औट एकाच निगेटिव्हवर यायचे. हे जमायचं कारण औटाच्या उजेडाची रेघ किती उजळ दिसणार ते अ‍ॅपर्चरवर ठरतं, शटरवर फक्त रेघेची लांबी आणि किती औट मावणार एवढंच.

2003 नंतर डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारे डिजिटल कॅमेरे हळूहळू आवाक्यात आले, मग तेच काम लोक कंप्युटरवर लेयर लावून, म्हणजे फोटोवर फोटो ठेवून करू लागले आणि भांडण सुरू झालं. बऱ्याच स्पर्धांत नियम असा की कॅमेऱ्याच्या आत झालेलं मल्टिपल एक्स्पोजर (एकाच फोटोत अनेक दृश्यं) चालेल, बाहेर जोडलेलं बाद. मला हा नियम अर्धाच पटतो. स्टँड न हलवता, त्याच दहा मिनिटांतले चार औट जोडले तर निकाल पुठ्ठ्यासारखाच येतो, त्यात फसवणूक कसली? पण विसर्जनाच्या रात्री कपिलेश्वर तलावाचा फोटो घ्यायचा आणि त्यावर दिवाळीतले औट आणून डकवायचे, हे सरळ खोटं आहे आणि ते बादच व्हायला पाहिजे. नियमानं जागा आणि वेळ बघावी, हत्यार कुठलं ते नको. त्यात 2018 पासून मोबाईलमध्ये नाईट मोड आला, तो स्वतःच अनेक फ्रेम जोडून एक फोटो देतो, आणि कॅमेऱ्याच्या आत झालं म्हणून तो नियमात बसतो, मग कंप्युटरवाल्यानं काय घोडं मारलंय?

त्याच 2018 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, दिवाळीत फटाके रात्री 8 ते 10 मध्येच आणि बेरियमचे क्षार बंद. हिरवा रंग बेरियमचाच, म्हणजे जुन्या फोटोंतला तो गर्द हिरवा कायद्यानं तरी संपला. श्वासाचा त्रास असलेल्यांसाठी निकाल योग्यच होता असं मला वाटतं. फोटोवाल्यांची अडचण वेगळी, सगळे 8 लाच सुरू करतात, पाऊस नुकताच ओसरलेला असतो, वारा पडलेला असला की धूर जागचा हलत नाही आणि थोड्याच वेळात आभाळ राखाडी. त्यामुळे सुरुवातीचे औट आणि वाऱ्याकडं पाठ करून धरलेली जागा यांवरच सगळं येतं, नाहीतर बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या बाजूला उंचावर जाऊन लांबच्या लेन्सनं पूर्ण शहर घ्यावं लागतं.