पेटारी

(मुद्रा, चक्रभेंडी, सं. अतिबला, शास्त्रीय नाव : ॲब्युटिलॉन इंडिकम, कुल : माल्व्हेसी). कापूस, भेंडी, अंबाडी व जास्वंद यांच्या कुळातील एक तण. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५६ मध्ये ते सिडा प्रजातीत घातले होते. रॉबर्ट स्वीट यांनी १८२६ मध्ये ॲब्युटिलॉनमध्ये आणले. मराठवाड्यात बांध, पांदण, गावठाणातली पडीक जागा, उकिरड्याची कड अशा ठिकाणी ते हमखास दिसते.

झुडूप साधारण १ ते २ मी. उंच. पाने हृदयाकृती, कडेला दातेरी. अंगावरच्या बारीक लवेमुळे हाताला मऊ लागतात. पिवळी फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात आणि दुपार कलल्यावर उमलतात, त्यामुळे सकाळी पाहणाऱ्याला बहुधा मिटलेलीच सापडतात. कपाशीच्या पात्याभोवती (कळीभोवती) असतात तशी पानासारखी छदे इथे नसतात. खरी ओळख फळाची : १५ ते २० चपटे कप्पे गोलाकार जुळून झालेले, वरून छाटल्यासारखे चक्र. हिरवे फळ ओल्या चिखलावर दाबले की नक्षीदार ठसा उमटतो. पोरांचा हा जुना खेळ. वाळल्यावर फळ काळपट होते, कप्पे उकलतात आणि प्रत्येकातून दोन-तीन मूत्रपिंडाकृती बिया पडतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने पेटारीचा उपद्रव पिकात कमी आणि बांधावर जास्त. वेचणी संपून पऱ्हाट्या निघाल्या की कपाशीवरच्या किडींना खाद्य उरत नाही. नेमकी तेव्हा ही भाऊबंद बांधावर हिरवी असते. पिठ्या ढेकूण, लाल ढेकूण आणि ठिपक्यांची बोंडअळी तिच्यावर जगतात व पुढच्या हंगामात कपाशीवर उतरतात. म्हणूनच कपाशीच्या कीड व्यवस्थापनात रानभेंडी, अंबाडी यांच्याबरोबर पेटारीही उपटायला सांगतात. कपाशीचे अवशेष उचलायचे आणि बांध तसाच ठेवायचा, हे अर्धेच काम. पिठ्या ढेकूण दिसलेले झाड मात्र उपटून शेतात ओढत नेऊ नये. वाटेत गळालेली पिल्ले शेजारच्या पिकावर चढतात.

आयुर्वेदात बला, महाबला, नागबला यांच्यासह अतिबलेची गणना बलाचतुष्टयात, म्हणजे चार बलांच्या गटात, होते. मूळ मूत्रल (लघवी साफ करणारे) मानले आहे. बिया बुळबुळीत असल्याने सारक म्हणून वापरल्या जातात. औषधाला गोळा करताना बला म्हणजेच चिकणा आणि पेटारी यांची गल्लत होते. चिकण्याचे फळ बरेच लहान, कप्पेही कमी आणि प्रत्येक कप्प्यात एकच बी.

खोडाच्या सालीत चांगला धागा असतो. याच प्रजातीतील ॲब्युटिलॉन थिओफ्रास्टी ही जाती चीनमध्ये धाग्यासाठी लावली जाते. आपल्याकडे पेटारीची मुद्दाम लागवड कोणी करत नाही. काढायचीच तर फळ धरण्याआधी, जमिनीत ओल असताना मुळासकट उपटावी. नुसती कापली तर बुडातून पुन्हा फुटते आणि टणक कवचाच्या बिया मातीत पडल्या की एकाच पावसात सगळ्या उगवून संपत नाहीत.