पूर्वीचा पाऊस खरोखर नेमाने पडत होता का?

“पूर्वी मृगाला पेरणी ठरलेली असे, पाऊस लहरी झाला तो हल्लीच,” असा संदेश दर जूनमध्ये कोल्हापुरात मोबाईलवरून फिरतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींशी तो जुळतो म्हणून पटतोही. मात्र माणसाची आठवण साठ-सत्तर वर्षांपलीकडे जात नाही.

त्यापलीकडचा पाऊस तळ्यांच्या गाळात नोंदलेला असतो. उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या काठची भेगाळलेली ढेकळे फोडून पाहिली, तर मऊ चिखलामध्ये कधी जाडसर रेतीची रेघ आढळते. ती जोरदार लोंढ्याने आणलेली असते. लडाखमधील सुमारे ४,५०० मीटर उंचीवरच्या त्सो मोरिरीसारख्या सरोवरांत असे थर हजारो वर्षे साचले आहेत. अवर्षणात बाष्पीभवन वाढले की ऑक्सिजनचे हलके अणू असलेले पाणी आधी उडून जाते, उरलेल्या पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि त्याची खूण गाळातील चुन्याच्या कणांत टिकून राहते. परागकणांवरून तेव्हाची वनस्पती कळते, तर कार्बन-१४ या काळानुसार ठरावीक वेगाने घटत जाणाऱ्या कार्बनवरून थराचे वय ठरते. अशा अनेक नोंदी एकत्र ठेवल्या असता सुमारे ९,००० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस आजच्यापेक्षा जोरदार होता आणि सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी तो बराच क्षीण झाला, असे दिसते.

गाळाचा एक थर बहुधा अनेक वर्षांचा असल्याने त्यातून एखाद्या वर्षाचा मृग कळत नाही. त्यासाठी पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदी पाहाव्यात: १९१७ साली देशभर भरघोस पाऊस झाला आणि लगेच १९१८ साली भीषण अवर्षण पडले.